गाऱ्हाणे कोणापुढे घालावे? : संगणकाच्या चौकटीतील भाषांचा आधार आणि मालवणी

मालवण तालुक्यातील एका गावच्या जत्रेत ध्वनिमुद्रित केलेले गाऱ्हाणे संगणकावर लिहून काढण्याचे काम प्रस्तुत लेखकाच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून स्वीकारले होते. काम सुरू करतानाच तिला एक प्रश्न विचारला गेला. तो मार्गदर्शकाने विचारलेला नव्हता, आज्ञावलीने विचारलेला होता : मजकुराची भाषा कोणती? यादीत मराठी होती, कोकणी होती, हिंदी होती. मालवणी नव्हती. तिने मराठी निवडली. मग 'माका', 'खंय', 'इलो', 'कित्या' या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ उमटली. पुढे शब्दांची वारंवारिता मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. 'तुका' हा मालवणीतला 'तुला' या अर्थाचा अत्यंत साधा शब्द मराठी म्हणून वाचला गेला की संतकवीचे नाव ठरतो, आणि 'झील' म्हणजे मुलगा हा शब्द हिंदीच्या अंगाने वाचला गेला की तलाव होतो. गाऱ्हाणे घालणाऱ्याने देवापुढे आपल्या झिलासाठी मागणे मागितले होते, यंत्राच्या लेखी तेथे तलाव होता.

या प्रसंगाची गंमत म्हणून वासलात लावता येईल. परंतु तसे करणे योग्य नाही, असे या लेखाचे म्हणणे आहे. संगणकीय व्यवस्थेत एखाद्या भाषेला 'आधार' आहे किंवा नाही हा प्रश्न तंत्रज्ञांचा समजून मराठी विभागांनी आजवर दूर ठेवला. वस्तुतः तो भाषेचे वर्णन, तिचे नाव, तिचे लेखन आणि तिचे प्रमाणभाषेशी नाते यांविषयीचा, म्हणजे आपल्याच अभ्यासविषयाचा प्रश्न आहे. तो आपण सोडवला नाही तर दुसरे कोणी सोडवतील, आणि बहुधा न सोडवता पुढे जातील.

१

प्रथम 'आधार' या शब्दाचा अर्थ पाहू. इंग्रजीतील 'सपोर्ट' या शब्दासाठी संगणकीय लेखनात सर्रास 'समर्थन' हा प्रतिशब्द वापरला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. समर्थन मताचे असते. येथे अभिप्रेत असलेली गोष्ट घराच्या वाशाला लागणाऱ्या आधारासारखी आहे. एखाद्या भाषेसाठी लागणारी कोष्टके, नियम आणि साधने तयार असणे व कोणीतरी ती जतन करीत राहणे, इतकाच तिचा अर्थ.

ही कल्पना संगणकाच्या जगात दोन प्रकारच्या भाषांना लागू होते. एक, संगणकाला आज्ञा देण्यासाठी ज्या कृत्रिम भाषांत आज्ञावली लिहिल्या जातात त्या. त्यांना येथे 'आज्ञाभाषा' म्हणू. दुसऱ्या, माणसांच्या भाषा. आज्ञावली तयार करण्यासाठी जी सिद्ध चौकट वापरली जाते, जिला सॉफ्टवेअर फ्रेमवर्क म्हणतात, तिला या दोन्ही प्रकारच्या भाषांची सोय करावी लागते. एकाच चौकटीने या दोहोंना कसे वागवले हे पाहणे बोलींच्या अभ्यासकाला उद्बोधक ठरेल.

मायक्रोसॉफ्टची 'डॉट नेट' ही चौकट २००२ मध्ये वापरात आली. तिच्या गाभ्याचे तपशील एक्मा या मानक संस्थेने डिसेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध केले होते. एका चौकटीत अनेक आज्ञाभाषांना नांदता यावे, हा तिच्या रचनेमागील एक मुख्य हेतू होता. त्यासाठी तिच्या कर्त्यांनी सर्वांवर एकच भाषा लादली नाही. सी-शार्पमध्ये लिहा, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहा, लिहिलेल्या मजकुराचे प्रथम एका सामाईक मध्यभाषेत रूपांतर होते आणि यंत्र ती मध्यभाषा चालवते. ही मध्यभाषा एरवी कोणी हाताने लिहीत नाही. तिचे काम दोन भाषांमधील व्यवहार शक्य करणे एवढेच.

या व्यवस्थेत 'सामाईक भाषा-नियम' म्हणून एक छोटी नियमावली आहे. तिचे तत्त्व मला विशेष महत्त्वाचे वाटते. सी-शार्पमध्ये रोमन लिपीतील मोठे अक्षर आणि लहान अक्षर यांत भेद केला जातो, व्हिज्युअल बेसिकमध्ये केला जात नाही. तेव्हा केवळ अक्षराच्या लहानमोठेपणाने वेगळी ठरणारी दोन नावे एका भाषेत चालतात, दुसरीत त्यांचा घोटाळा होतो. यावर नियमावली सांगते की, आज्ञावलीचा जो भाग बाहेरच्यांना उपलब्ध करून द्यायचा, तेवढ्यातच असा भेद टाळावा. आतल्या भागावर हे बंधन नाही. म्हणजे सामाईक नियम लागू होतो तो उंबरठ्यावर. घरात ज्याने त्याने आपल्या पद्धतीने बोलावे.

प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधावर आपल्याकडे गेली अनेक दशके जी चर्चा झाली, तिच्यात हे तत्त्व क्वचितच इतक्या स्वच्छ रूपात मांडले गेले असेल. प्रमाणभाषेची गरज नाकारायची नाही, परंतु तिचा अधिकार देवघेवीच्या सीमेपुरता मानायचा, अशी ही भूमिका आहे. आपल्या व्यवहारात याच्या उलट घडत आले आहे. शाळेत आलेल्या मालवणी मुलाच्या तोंडचा 'माका' तेथेच दुरुस्त केला जातो, मग तो कोणाशी आणि कशासाठी बोलत होता हे पाहिले जात नाही.

अर्थात या चौकटीचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. तिच्यातील प्रमुख आज्ञाभाषांचे मूळ शब्द इंग्रजीच आहेत. शिवाय आधार हा कायमचा नसतो, हेही तिच्याच इतिहासातून दिसते. 'जे-शार्प' नावाची एक आज्ञाभाषा आरंभीच्या काळात तिच्यात होती. २००५ च्या आवृत्तीनंतर ती पुढे नेली गेली नाही. व्हिज्युअल बेसिकविषयी २०२० च्या मार्च महिन्यात सांगण्यात आले की, तिचा आधार राहील, मात्र भाषा म्हणून तिची वाढ यापुढे केली जाणार नाही. उलट 'एफ-शार्प' ही केंब्रिज येथील संशोधनशाळेत अभ्यासाचा भाग म्हणून सुरू झालेली भाषा २०१० मध्ये मुख्य साधनसंचात दाखल झाली. वाढणारी भाषा, केवळ सांभाळली जाणारी भाषा आणि सोडून दिलेली भाषा अशा तीन अवस्था येथे उघडपणे नोंदल्या जातात. माणसांच्या भाषांच्या बाबतीतही या तीन अवस्था असतात, पण त्या कोणी जाहीर करीत नाही.

२

आता हीच चौकट माणसांच्या भाषांना कशी वागवते ते पाहू. येथे मध्यभाषा नाही, उंबरठ्याचा नियम नाही. येथे नावांची यादी आहे. प्रत्येक भाषेला एक संकेतनाम असते आणि त्या नावामागे कोष्टके असतात : महिन्यांची व वारांची नावे, अंक लिहिण्याची पद्धत, वर्णानुक्रम, अनेकवचनाचे नियम. विंडोज २००० या प्रणालीपासून मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांना अशी नावे आहेत. पुढे २०२० मध्ये डॉट नेटच्या पाचव्या आवृत्तीपासून ही कोष्टके मुख्यतः युनिकोड संघाच्या सामाईक भांडारातून घेतली जाऊ लागली. या भांडारात निरनिराळ्या भाषांचे जाणकार भर घालतात, एकमेकांच्या नोंदी तपासतात आणि मत देतात.

मागितलेल्या भाषेचा मजकूर चौकटीला सापडला नाही तर काय होते? ती एक पायरी मागे सरते. भारतातील मराठीसाठी काही नसेल तर नुसत्या मराठीकडे, तेथेही नसेल तर मूळ, म्हणजे 'अविकारी' मानलेल्या अवस्थेकडे. हे नाव ऐकून वाटावे की ही अवस्था कोणत्याच भाषेची नसेल. परंतु चौकटीच्या अधिकृत वर्णनातच म्हटलेले आहे की ती इंग्रजी भाषेशी निगडित आहे, फक्त कोणत्याही देशाशी निगडित नाही. म्हणजे ज्या भाषेला नाव नाही, ती बोलणारा माणूस पायऱ्या उतरत शेवटी इंग्रजीत येऊन पोहोचतो. हे कोणाच्या दुष्ट हेतूने होत नाही. कोष्टक रिकामे असल्यामुळे होते. अलीकडच्या आवृत्त्यांत योग्य घडणीचे कोणतेही संकेतनाम स्वीकारले जाते, पण नावामागे कोष्टक नसेल तर अंतिम परिणाम तोच.

मालवणीच्या बाबतीत पहिली पायरीच नाही. भाषांच्या त्र्यक्षरी संकेतांची जी आंतरराष्ट्रीय यादी आहे, आयएसओ ६३९-३, तिच्यात मराठीला संकेत आहे. कोकणीला एक समावेशक संकेत असून त्याखाली गोव्याची कोकणी आणि इतर कोकणी असे दोन संकेत आहेत. मालवणीला स्वतंत्र संकेत नाही. त्यामुळे मालवणीत लिहिणाऱ्याने मराठी म्हणावे तर शब्द चुकीचे ठरतात, आणि कोकणी म्हणावे तरी गोव्याच्या लेखनावर घडवलेल्या साधनांशी ते पुरतेपणी जुळत नाहीत.

३

नावाच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्याहून खालच्या थराकडे, अक्षराकडे पाहणे आवश्यक आहे. त्यासाठी 'गाऱ्हाणे' हाच शब्द घेऊ.

आपण हा शब्द तीन अक्षरांचा मानतो : गा, ऱ्हा, णे. अक्षरगणवृत्ते शिकवताना आपण याच एककाने मोजतो. युनिकोड संकेतावलीत मात्र व्यंजन, काना, मात्रा आणि हलंत यांना स्वतंत्र स्थाने आहेत. त्यामुळे डॉट नेटच्या चौकटीत या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर आठ येते. तेही नेहमी येत नाही. 'ऱ्ह'मधला अर्धा र, जो मराठीचे आणि कोकणीचे वैशिष्ट्य आहे, तो लिहिण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. एक, त्यासाठी असलेला स्वतंत्र वर्ण वापरून. दुसरा, साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून हा दुसरा मार्गही चालू ठेवलेला आहे. कागदावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राच्या लेखी पहिला शब्द आठ चिन्हांचा, दुसरा नऊ चिन्हांचा, आणि दोन्ही एकमेकांपासून भिन्न.

याचा परिणाम केवळ तात्त्विक नाही. उपर्युक्त प्रकल्पात मजकूर दोघींनी टंकलिखित केला होता. एकीच्या कळफलकावरून एक रूप आले, दुसरीच्या कळफलकावरून दुसरे. 'गाऱ्हाणे' या शब्दाचा शोध घेतला तेव्हा निम्म्या नोंदी हाती लागल्याच नाहीत. 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने', 'होऱ्या' अशा शब्दांचीही तीच गत होती. किनारपट्टीच्या बोलीचा संग्रह करायचा आणि त्यात 'किनाऱ्यावर' हा शब्दच शोधता येऊ नये, ही स्थिती संशोधनाच्या दृष्टीने गंभीर आहे. आपण वारंवारितेचे आकडे प्रबंधांत देऊ लागलो आहोत; ते आकडे कोणत्या रूपावर आधारलेले आहेत हे सांगण्याची पद्धत आपल्याकडे अद्याप नाही.

'दर्या' आणि 'दऱ्या' या शब्दांचे उदाहरणही येथे देता येईल. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. हा भेद मराठी लेखनात अर्थभेदक आहे. जी आज्ञावली हिंदी डोळ्यांपुढे ठेवून घडवली गेली, तिला तो भेद ओळखण्याचे कारणच पडत नाही.

या थरावरील नियम दगडावर कोरलेले नाहीत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. 'ॲ' या वर्णाला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. वाचकाला जाणवणारे अक्षर कोठे सुरू होते व कोठे संपते याचे नियमही युनिकोडने घालून दिलेले आहेत. त्यांनुसार देवनागरीतील जोडाक्षर हलंतापाशी तोडले जात असे, आणि 'गाऱ्हाणे' चार तुकड्यांचे होई. २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत नियम बदलला आणि देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर अखंड मानले जाऊ लागले. आता तेथेही 'गाऱ्हाणे' तीन अक्षरांचे आहे. आपल्या छंदःशास्त्राला जे केव्हापासून ठाऊक होते, ते या नियमावलीत यायला युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासून ३२ वर्षे लागली. या ३२ वर्षांत मराठी विभागांनी अक्षर या संकल्पनेविषयी एखादे टिपण तिकडे पाठवले असते तर कदाचित इतका काळ लागला नसता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

४

आता नावाचा प्रश्न. मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची? या वादाला मोठा इतिहास आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कुडाळी, म्हणजे आपण जिला मालवणी म्हणतो ती बोली, कोकणीच्या गटात येते. तो संपूर्ण खंड मात्र मराठीचा आहे. अ. मा. घाटगे यांनी १९६५ साली कुडाळीचे वर्णन प्रसिद्ध केले ते मराठी बोलींच्या सर्वेक्षणाच्या मालेत. कोकणी १९९२ साली आठव्या अनुसूचीत आली. जनगणनेत मालवणी ही मातृभाषा कोकणीखाली गणली जाते. याउलट वाङ्मयीन व्यवहारात मालवणी मराठीचीच आहे. गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीत रंगभूमीवर आणले, आणि महाराष्ट्राने ते मराठी नाटक म्हणूनच डोक्यावर घेतले.

संकेतनामांच्या व्यवस्थेत हा वाद न सोडवताही पुढे जाता येते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नाही. भाषांच्या त्र्यक्षरी यादीशिवाय उपसंकेतांची एक आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यात मूळ भाषेच्या संकेताला जोडून बोलीचे किंवा लेखनपद्धतीचे नाव नोंदवता येते. असा उपसंकेत रोमन लिपीतील पाच ते आठ अक्षरांचा असू शकतो. 'मालवणी' सात अक्षरांत बसते, 'कुडाळी' सहा.

इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात रेझिया नावाचे एक डोंगरी खोरे आहे. तेथील बोली स्लोव्हेन भाषेची की स्वतंत्र, यावर तेथेही मतभेद आहेत. तरी त्या बोलीचा उपसंकेत स्लोव्हेनच्या संकेताला जोडून नोंदवहीत दाखल आहे. इतकेच काय, त्या खोऱ्यातील निरनिराळ्या गावांच्या पोटबोलींचेही स्वतंत्र उपसंकेत आहेत, आणि १९९४ साली ठरलेल्या त्यांच्या लेखनपद्धतीचाही आहे. एका खोऱ्यातील गावागावाच्या बोलीला जे मिळाले, ते सावंतवाडीपासून देवगडपर्यंत बोलल्या जाणाऱ्या मालवणीला मिळालेले नाही. याचे कारण मालवणी लहान आहे किंवा गौण आहे असे नाही. कोणी मागितलेले नाही, एवढेच कारण आहे.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. एका उपसंकेताला एकाहून अधिक मूळ भाषा लावण्याची मुभा या नोंदवहीत आहे. तुर्की कुळातील अनेक भाषांसाठी १९२६ च्या सुमारास ठरलेल्या एका रोमन वर्णमालेचा उपसंकेत अशा दहा भाषांना जोडलेला आहे. म्हणजे मालवणीचा उपसंकेत मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांच्या संकेतांशी जोडता येणे अशक्य नाही. ज्याला मालवणी मराठीची वाटते त्याने तसे लिहावे, ज्याला कोकणीची वाटते त्याने तसे लिहावे, आणि शोध घेणाऱ्याला दोन्हीकडची मालवणी एकत्र सापडावी. शंभराहून अधिक वर्षे आपण ज्या प्रश्नावर अडून बसलो आहोत, तो येथे अडसर ठरत नाही.

नोंदणीसाठी अर्ज कोणीही करू शकतो. त्यावर दोन आठवडे जाहीर चर्चा होते आणि नेमलेला परीक्षक निर्णय देतो. अर्जात त्या बोलीचे वर्णन करणाऱ्या प्रसिद्ध ग्रंथाचा किंवा लेखाचा निर्देश करावा लागतो. म्हणजे लागते ते बोलीचे प्रसिद्ध वर्णन. ते करणारे आपणच आहोत. घाटगे यांचा ग्रंथ आहे. विद्यापीठीय नियतकालिकांतून प्रसिद्ध झालेले लेख आहेत. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणाचे ध्वनिमुद्रित नमुने आहेत.

५

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, मालवणीचे लेखन एकरूप नाही. 'खंय' कोणी अनुस्वार देऊन लिहितो, कोणी न देता 'खय' लिहितो, कोणी 'खैं' लिहितो. 'गाऱ्हाणे' हाच शब्द 'गाऱ्हाणा' आणि 'गाराणा' असाही छापलेला दिसतो. अशा अवस्थेत कोष्टके कशी भरावीत? हा आक्षेप खरा आहे. परंतु नाव मिळण्यासाठी एकरूप लेखन ही पूर्वअट नाही. उलट नाव मिळाले तरच निरनिराळ्या लेखकांचे मालवणी लेखन एका खुणेखाली गोळा होईल आणि त्यातील विविधता मोजता येईल. आधी शुद्धलेखनाचे नियम करून मग बोलीला आत घ्यायचे, हा मार्ग आपण पत्करला तर बोलीचे आणखी एक प्रमाण रूप तयार करून बसू, आणि कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, देवगड यांमधले भेद त्याखाली दडपले जातील.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे. मालवणीला वेगळे नाव दिल्याने ती मराठीपासून तुटेल, मराठीचे बळ कमी होईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यानंतर ही भीती व्यक्त होणे स्वाभाविक आहे. पण उपसंकेताची रचनाच अशी आहे की मूळ भाषेचे नाव आधी येते, बोलीचे मागाहून. मालवणीचा मजकूर सापडला नाही तर वाचक मराठीकडे येतो, थेट इंग्रजीकडे जात नाही. आजची व्यवस्था मालवणीला मराठी म्हणवून घेते आणि लगेच तिचे शब्द चुकीचे ठरवते. यात मराठीचे बळ कसे वाढते, हे आक्षेपकांनी सांगावे.

तिसरा आक्षेप व्यावहारिक आहे, आणि त्यात तथ्य आहे. केवळ नाव नोंदवून काय होणार? लाल रेघा लगेच जाणार नाहीत, 'झील'चा तलाव होणे थांबणार नाही. हे मान्य केले पाहिजे. नावामागे शब्दसंग्रह लागेल, उताऱ्यांचा संग्रह लागेल, तो जतन करणारी माणसे लागतील. व्हिज्युअल बेसिकला नाव आहे, आधारही आहे, पण वाढ थांबली आहे. मालवणीच्या बाबतीत नाव घेऊन आपण स्वस्थ बसलो तर तीच गत होईल. तरीही नावावाचून यातील कोणतेच काम दुसऱ्याच्या उपयोगी पडणार नाही, कारण ते कोणत्या भाषेचे आहे हे यंत्राला सांगण्याची सोयच नसेल.

६

तेव्हा मराठी विभागांनी काय करावे? तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात, आणि त्यांपैकी एकीलाही मोठा निधी लागत नाही.

पहिली, बोलीच्या प्रत्येक प्रकल्पाचा मजकूर युनिकोडमध्ये असावा, आणि अर्ध्या र-सारखे वर्ण कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत याची एक ओळ प्रबंधाच्या आरंभी असावी. नव्वदच्या दशकातील कितीतरी मजकूर त्या वेळच्या निरनिराळ्या फाँटांत अडकून पडला आहे. छापील प्रत नसती तर तो आज वाचताही आला नसता. तो जुना मजकूर रूपांतरित करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याला देण्याजोगे सार्थ काम आहे. दशावतारातील संवाद पारंपरिक रीतीने उत्स्फूर्त असतात, त्यांची संहिता नसते. तेथे तर लिहून काढलेला मजकूर हाच पुढच्या अभ्यासकाचा एकमेव लिखित आधार असेल.

दुसरी, मालवणीच्या उपसंकेतासाठी रीतसर अर्ज करावा, मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांचा निर्देश करून. हे काम एकट्यादुकट्याने करण्याऐवजी कोकणातील महाविद्यालये आणि गोव्यातील मराठी व कोकणी विभाग यांनी मिळून केले तर त्याला अधिक वजन येईल. या निमित्ताने दोन विभाग एका मेजाशी बसले, तरी तो लाभच म्हणावा लागेल.

तिसरी, पदव्युत्तर अभ्यासक्रमातील भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत संकेतावली, वर्णानुक्रम आणि भाषांची संकेतनामे यांसाठी एक घटक असावा. ज्या विद्यार्थ्याला 'गाऱ्हाणे' तीन अक्षरांचे का आणि आठ चिन्हांचे का हे समजले, त्याला वर्ण आणि अक्षर यांतला फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

गाऱ्हाणे घालणारा माणूस देवतांना आणि स्थळांना नावानिशी हाक देतो, कोणासाठी काय मागायचे ते स्पष्ट सांगतो, आणि भोवतालची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला साथ देतात. मालवणीचे गाऱ्हाणे आजवर कोणी रीतसर घातलेलेच नाही. ते कोठे घालायचे, कोणत्या शब्दांत घालायचे, हे आता माहीत आहे. मागे उभे राहून साथ देणारी मंडळी आपल्या विभागांतून मिळतील का, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.